बातमी सांगणारा माणूस शिकवू लागतो तेव्हा
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. बँकेत लिपिक आहोत, दिवसभर खिडकीच्या अलीकडे बसून पासबुके आणि अर्ज पाहणे हे आमचे काम. कार्यकारिणीने विषय दिला तो 'प्रसारमाध्यमातील करिअर' असा. आम्ही म्हटले, ज्या क्षेत्रात आम्हाला कोणी घेतले नाही त्या क्षेत्राबद्दल आम्ही काय बोलणार? तेव्हा सचिव म्हणाले, "तेच बोला." म्हणून उभे आहोत.

आमचे गाव परभणीकडचे. लहानपणी घरात एकच रेडिओ होता आणि तो वडिलांच्या ताब्यात असे. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की चुलीजवळचे बोलणेही बंद. त्या आवाजाची आम्हाला भुरळ पडली. शेतात जनावरे राखताना मोठ्याने बातम्या म्हणायचो, गावातल्याच बातम्या, कोणाची म्हैस व्याली, कोणाची विहीर आटली. कला शाखेची पदवी झाल्यावर एका प्रसारण केंद्रात नैमित्तिक वृत्तनिवेदकांसाठी आवाजाची चाचणी आहे असे कळले. उसनी पँट घालून गेलो. काचेपलीकडून एकाने सांगितले, "आवाज बरा आहे, पण उच्चार नाहीत. पुढचा." झाले. आम्ही 'पाणी'चे 'पानी' आणि 'कोण'चे 'कोन' म्हटले होते. ते आम्हाला कळले ते सहा-सात वर्षांनी, तेही दुसऱ्याच ठिकाणी. त्या दिवशी कोणी म्हणाले नाही की बाबा, हे शिकता येते, अमुक ठिकाणी शीक. तक्रार नापास केल्याची नाही. नापास व्हायलाच हवे होते.

ते दुसरे ठिकाण म्हणजे बँकेचे प्रशिक्षण. 'ग्राहकांशी सुसंवाद' असा दोन दिवसांचा वर्ग होता आणि आम्ही सगळे चहा-बिस्किटांसाठी गेलो होतो. शिकवायला आलेल्या बाई पूर्वी बातम्या वाचत असत, नंतर त्यांनी हा पेशा धरला होता. त्यांनी आमच्या हातात निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याची सूचना दिली आणि वाचा म्हणाल्या. आम्ही खणखणीत वाचली. बाई म्हणाल्या, "छान. आता सांगा, कोणाला वाचून दाखवलीत?" आम्ही गप्प. "समोर सत्तर वर्षांची आजी आहे असे समजा आणि तिला सांगा." पुन्हा वाचायला घेतली तर पहिल्याच वाक्यात अडकलो. 'सादर न केल्यास' हे आजीला कसे सांगायचे? त्याच बाईंनी मधल्या सुट्टीत जिभेचे टोक वर वळवून टाळूला लावायला सांगितले आणि म्हणाल्या, "आता म्हणा, बाण, दाणा, वीणा." चार महिने आंघोळ करताना म्हणत होतो. घरचे हसत. पण आला. 'ण' आला! बत्तिसाव्या वर्षी.

आमची बोली चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही, कोणी म्हणू नये. आईशी आजही 'पानी'च म्हणतो. पण बातमी सगळ्या महाराष्ट्राला सांगायची असते, तिला एक ठरलेला उच्चार लागतो, आणि तो जन्माने मिळत नाही, सवयीने मिळतो. ज्यांच्या घरी ती सवय असते त्यांना ती शिकावी लागत नाही, एवढाच फरक. हा एवढासा फरक किती दारे बंद करतो ते आपल्याला माहीत आहे.

तेव्हापासून आम्हाला एक नाद लागला. बातम्या सांगणारी माणसे तो पेशा सोडून शिकवायला का जातात आणि गेल्यावर काय करतात, ते शोधायचे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील सुरुवातीचे वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे पुढे पुण्यात सिम्बायोसिसच्या जनसंवाद शिक्षणाच्या संस्थेचे संचालक झाले, हे येथील पुष्कळांना ठाऊक असेल. पण आज सांगायचे आहे ते एका अमेरिकन माणसाबद्दल. त्याचे नाव फ्रेड फ्रेंडली. अमेरिकेचे कशाला, असे कोणी विचारील. थोडे ऐका, शेवटी धागा आपल्या अंगणातच येतो.

फ्रेंडलींचा जन्म १९१५ सालचा, न्यू यॉर्कचा. लहानपणी अक्षरे नीट लागत नसत, वाचनात अडखळत. असा मुलगा पुढे रेडिओत शिरला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते आणि चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होते, म्हणजे आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. सैनिकांना माहिती देणे आणि सैनिकांच्या वृत्तपत्रासाठी लिहिणे हे त्यांचे काम. शिकवण्याची सुरुवात तेथेच झाली असे आमचे मत.

युद्धानंतर एडवर्ड मरो या नामवंत वार्ताहराशी त्यांची जोडी जमली. मरो पडद्यावर आणि फ्रेंडली पडद्यामागे. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी सीबीएस या कंपनीवर त्यांचा 'सी इट नाऊ' हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी अमेरिकेचा पूर्वेचा आणि पश्चिमेचा किनारा एकाच वेळी पडद्यावर दाखवला. त्या काळी ते नवलच होते.

त्यानंतरचे मोठे काम म्हणजे ९ मार्च १९५४ चा सिनेटर मॅकार्थी यांच्यावरील कार्यक्रम. हे गृहस्थ ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवून नोकऱ्या घालवीत. सगळे त्यांना भीत. मरो आणि फ्रेंडलींनी काय केले? मॅकार्थींच्या स्वतःच्याच भाषणांची चित्रफीत दाखवली. एका ठिकाणी काय बोलले, दुसऱ्या ठिकाणी काय बोलले, आणि खरी वस्तुस्थिती काय. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. कार्यक्रमाची वृत्तपत्रातली जाहिरात कंपनीने द्यायचे नाकारले तेव्हा दोघांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले. आपल्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत जरूर पाहावी. आपण विरोधकाबद्दल बोलायला उभे राहिलो की आवाज चढतो आणि पुरावा घरी राहतो. आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही.

आणखी एक. १९६० च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या आभारप्रदर्शनाच्या मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या कंपनीने 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा माहितीपट दाखवला. शेतमाल तोडायला गावोगाव फिरणाऱ्या मजुरांचा. ट्रकमध्ये कोंबलेली माणसे, मागे राहिलेली मुले. काल तुम्ही ताटभर जेवलात ते कोणी पिकवले ते आज बघा, असा तो हेतू. आम्ही मराठवाड्याचे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या आम्ही दर दिवाळीनंतर पाहिल्या आहेत, आमच्या वर्गातली बाके रिकामी होताना पाहिली आहेत. त्यामुळे त्या माहितीपटाबद्दल वाचले तेव्हा अमेरिका फार दूर वाटली नाही.

१९६४ साली फ्रेंडली सीबीएसच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले. यापेक्षा मोठी खुर्ची त्या धंद्यात नाही. आणि दोनच वर्षांत त्यांनी ती सोडली.

त्याचे कारण असे. १९६६ च्या फेब्रुवारीत व्हिएतनाम युद्धाबद्दल अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्षी चालल्या होत्या. अध्यक्ष होते सिनेटर फुलब्राइट. १० फेब्रुवारीला जॉर्ज केनन या जाणत्या मुत्सद्द्याची साक्ष होती. फ्रेंडलींचे म्हणणे, ही साक्ष थेट दाखवली पाहिजे, आपली मुले तेथे मरत आहेत. वरच्या साहेबांनी त्या वेळेत 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेचा जुना भाग लावला. साक्ष दाखवायची म्हणजे दिवसाच्या जाहिरातींचे उत्पन्न बुडवायचे. प्रतिस्पर्धी एनबीसीने मात्र साक्ष दाखवली. १५ फेब्रुवारीला फ्रेंडलींनी राजीनामा दिला.

मित्रहो, राजीनामा देणे सोपे नाही. आम्ही बँकेत वीस वर्षांहून अधिक काळ आहोत आणि मनातल्या मनात निदान चाळीस राजीनामे दिले आहेत. एकही कागदावर आला नाही. घराचे हप्ते असतात, मुलांची फी असते. फ्रेंडली नामांकित होते, त्यांना दुसरीकडे बोलावणे येणारच होते, हेही खरे, आणि ते सांगितले नाही तर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल. बोलावणे आलेच. फोर्ड फाउंडेशनने त्यांना दूरचित्रवाणीविषयी सल्लागार केले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयात ते प्राध्यापक झाले. त्या आसनाला त्यांच्या जुन्या सोबत्याचे, एडवर्ड मरो यांचे नाव होते.

आता खरा मुद्दा येतो. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डेट्रॉइट, न्यूअर्क अशा शहरांत दंगली पेटल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. १९६८ मध्ये अहवाल आला. त्यात एक स्वतंत्र प्रकरण वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीवर होते. आयोगाने म्हटले की बातम्या लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्यांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि संपादक वा पर्यवेक्षकाच्या जागांवर एक टक्काही नाहीत. गोऱ्यांच्या नजरेने पाहिलेले जग गोऱ्यांना सांगितले जाते, असा ठपका होता.

अशा अहवालांचे काय होते ते आपण जाणतो. कपाट, कुलूप आणि वाळवी. संपादकांचे ठरलेले उत्तर होते, घ्यायला तयार आहोत हो, पण लायक उमेदवार मिळत नाहीत. हे वाक्य आपल्याला ओळखीचे वाटते की नाही?

फ्रेंडली या वाक्याशी वाद घालत बसले नाहीत. त्याच १९६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कोलंबियात अल्पसंख्याक समाजातील तरुणांसाठी पत्रकारितेचा एक छोटा वर्ग सुरू केला. फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळवला. दोन-तीन वर्षांची पदवी नव्हे, तर सुट्टीतले काही आठवडे, पण कसून काम. सकाळी बाहेर जा, बातमी आणा, लिहा, कापा, पुन्हा लिहा. आणि शिकून झाल्यावर वार्ताहराची प्रत्यक्ष नोकरी मिळावी यासाठी वृत्तसंस्थांशी आधीच बोलणी करण्यावर भर. आम्हाला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नोकरी देणाऱ्यांच्या ओळखी फ्रेंडलींकडे होत्या, ते त्याच घरातून बाहेर पडले होते. त्या ओळखी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी खर्च केल्या. नुसता प्राध्यापक असता तर हे जमले नसते.

त्या वर्गातून १९७० साली मिशेल क्लार्क ही तरुणी बाहेर पडली. शिकागोच्या केंद्रावर वार्ताहर झाली आणि पाहता पाहता सीबीएसची राष्ट्रीय वार्ताहर झाली. ८ डिसेंबर १९७२ रोजी शिकागोतील विमान अपघातात ती गेली. वय फक्त २९. पुढे त्या वर्गाला तिचे नाव दिले गेले. त्याच वर्षीचा दुसरा विद्यार्थी जेराल्डो रिव्हेरा. तो वकील होता, न्यू यॉर्कमधील पोर्तोरिकन तरुणांच्या 'यंग लॉर्ड्स' या संघटनेचे वकीलपत्र घेत असे. दूरचित्रवाणीवर आल्यावर १९७२ मध्ये त्याने विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेतील हाल कॅमेऱ्यासमोर आणले आणि देश हादरला. पुढे त्याचे कार्यक्रम फार भडक झाले, ते आम्हाला पसंत नाहीत, पण विलोब्रुकचे काम खोटे ठरत नाही.

हा वर्ग १९७४ मध्ये कोलंबियात बंद पडला. एखाद्या मोठ्या माणसाच्या उत्साहावर आणि बाहेरच्या देणगीवर चाललेल्या कामाचे असे होते. येथेच गोष्ट संपली असती. पण तेथे शिकवलेल्यांपैकी रॉबर्ट मेनार्ड नावाचे कृष्णवर्णीय पत्रकार होते. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला हा माणूस 'वॉशिंग्टन पोस्ट'पर्यंत पोहोचला होता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तोच वर्ग कॅलिफोर्नियात बर्कली येथे पुन्हा उभा केला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. या वेळी चालवणारे आपलेच होते, म्हणजे त्यांचे. १९८३ मध्ये मेनार्ड 'ओकलंड ट्रिब्यून' या दैनिकाचे मालक झाले. मोठ्या शहरातील मुख्य दैनिकाचा मालक होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. १९९३ मध्ये ते वारले आणि संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. फ्रेंडलींनी लावलेले रोप दुसऱ्यांनी उपटून आपल्या मातीत लावले, म्हणून जगले.

फ्रेंडलींचे आणखी एक काम सांगतो. १९७४ पासून त्यांनी चर्चासत्रे सुरू केली. न्यायाधीश, पत्रकार, वकील, राजकारणी यांना एकत्र बसवायचे आणि सूत्रधाराने एक काल्पनिक पण अवघड प्रसंग मांडायचा. तुमच्या हाती एक गुप्त कागद लागला आहे, छापला तर एका माणसाच्या जिवाला धोका, न छापला तर हजारोंची फसवणूक. बोला, काय कराल? उत्तर दिले की सूत्रधार प्रसंग थोडा बदलून पुन्हा विचारणार. भाषणाला वाव नाही. यातून १९८४ मध्ये अमेरिकन राज्यघटनेवरची तेरा भागांची मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली. आपल्याकडे घटनेवर व्याख्याने पुष्कळ होतात. असा प्रश्नांचा तास एकदा २६ नोव्हेंबरला येथे घेऊन पाहावा, पाहुण्यांना थोडे घामाघूम होऊ द्यावे, अशी आमची सूचना आहे. फ्रेंडली ३ मार्च १९९८ रोजी वारले.

आता आपल्या अंगणात येऊ. १९९६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतील वार्ताहर होते केनेथ कूपर. ते स्वतः कृष्णवर्णीय. त्यांना एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांना विचारले, कोणी ओळखीचे आहे का? उनियाल विचारात पडले. तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. त्यांनी सरकारमान्य वार्ताहरांची यादी काढली. ६८६ नावे. त्यांपैकी ४५४ जणांची आडनावेच जात सांगणारी, आणि त्यांत दलित कोणी नाही. उरलेल्या २३२ पैकी ४७ जणांना त्यांनी फोन करून विचारले. एकही नाही. १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनियर'मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिले. कर्नर आयोगाला निदान पाच टक्क्यांच्या आत काहीतरी सापडले होते.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आज मोबाइलवर आपल्या मुलांच्या स्वतःच्या वाहिन्या आहेत, हजारो लोक पाहतात. चांगली गोष्ट आहे. पण दर ३१ जानेवारीला आपण 'मूकनायक'चा दिवस साजरा करतो, हार घालतो, भाषणे होतात. 'मूकनायक' १९२० साली निघाला. बातमी कशी लिहावी, कशी तपासावी, कशी वाचावी हे शिकवणारा एक तास तरी आपल्या अभ्यासिकेत असावा, असे आम्हाला वाटले आणि तीन वर्षांपूर्वी रविवारचा वाचनवर्ग सुरू केला. तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी विचारले होते, "बातम्या वाचून नोकरी लागते का?" आम्हाला तेव्हा राग आला. आज वाटते, प्रश्न बरोबर होता. फ्रेंडलींनी तोच प्रश्न आधी सोडवला होता आणि आम्ही तो सोडून दिला होता.

त्याचा हिशेब आम्हालाच द्यावा लागला. आपल्या वर्गातली एक मुलगी, नाव सांगत नाही, गेल्या वर्षी एका वाहिनीत चाचणीला गेली. संध्याकाळी अभ्यासिकेच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "काका, मलाही तेच म्हणाले, उच्चार." आम्ही दोन वर्षे तिला 'बाण, दाणा, वीणा' शिकवले होते. 'ण' तिचा स्वच्छ आहे. तिचा 'च' आणि 'ज' गडबडतो, चमच्यातला वेगळा आणि चहातला वेगळा, ते आमच्या स्वतःच्याच कानाला कळत नव्हते तर शिकवणार कसे? तिने विचारले, "सोडून देऊ का?" आणि आमच्या तोंडून काय निघावे? "बँकेची परीक्षा दे." आमच्या वडिलांनी आम्हाला जे सांगितले तेच. ती काही बोलली नाही. दोन रविवार वर्गाला आली नाही.

तिसऱ्या रविवारी आली ती दोन अर्ज घेऊन. एक बँकेच्या परीक्षेचा आणि एक पत्रकारितेच्या पदविकेचा. म्हणाली, "दोन्ही तपासून द्या, काका." बँकेचा अर्ज आम्ही पाच मिनिटांत तपासला. दुसऱ्यावर तासभर बसलो होतो. पदविकेच्या पहिल्या हप्त्यासाठी तिच्या आईने बचत गटातून कर्ज उचलले आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. वाचनवर्गाला एक बरा मायक्रोफोन हवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मुलांना स्वतःचा आवाज ऐकवता येतो पण पंख्याची घरघर सगळे खाते. महिन्यातून एकदा, ज्याने प्रत्यक्ष बातम्या वाचल्या आहेत अशा माणसाला मानधन देऊन बोलवावे, कारण आमच्या कानाची मर्यादा आम्ही आत्ताच सांगितली. आणि आपल्यातले जे आज वृत्तपत्रांत, वाहिन्यांत, छापखान्यांत, जाहिरात कंपन्यांत कोठेही आहेत, अगदी कॅमेरा उचलणारे असले तरी, त्यांची नावे आणि फोन क्रमांक एका वहीत लिहून काढावेत. ती वही आम्ही आज सोबत आणली आहे. पहिल्या पानावर चार नावे आहेत. ती बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवतो, जाताना आठवेल ते नाव लिहून जावे.

रविवारचा वर्ग सकाळी नऊला असतो. या रविवारी अर्थसंकल्पाची बातमी आहे, ती आपल्या आजीला समजेल अशी लिहून आणायची आहे. आजी नसेल तर शेजारची चालेल.